यंत्राचा दुभाषी

भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रशियन तज्ज्ञ आणि भारतीय कामगार यांच्यामध्ये त्या काळी एक तिसरा मनुष्य उभा असे. तो म्हणजे दुभाषी. तज्ज्ञ निष्णात आणि कामगार कुशल असला, तरी दुभाष्याच्या तोंडून एक आकडा चुकीचा गेला की काम बिघडावयाचे. त्याच कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर १० मधील एखाद्या घरी मेजावर जो संगणक असेल, त्याच्या पोटातही असेच दुभाषी राबत असतात. त्यांना ‘ड्रायव्हर’ म्हणतात.

संगणकाची मुख्य कार्यप्रणाली एकच असते. परंतु तिला जोडलेली उपकरणे निरनिराळ्या कारखान्यांत बनलेली असतात. पडदा, छपाईयंत्र, ध्वनियंत्र या प्रत्येकाची बोली वेगळी. ‘हे पान छाप’ ही सर्वसाधारण आज्ञा त्या त्या उपकरणाच्या बोलीत उतरविणारी छोटी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर होय. कार्यप्रणाली नवी झाली आणि ड्रायव्हर जुनाच राहिला, तर दोघांची भाषा जुळेनाशी होते.

येथे वाचक विचारील, की एवढ्याशा चुकीने संपूर्ण संगणक का बंद पडावा? लेखनाची किंवा खेळाची आज्ञावली बिघडली, तर तेवढीच बंद होते. कारण तिला स्मृतीचा नेमून दिलेला भागच वापरता येतो. पुष्कळसे ड्रायव्हर मात्र कार्यप्रणालीच्या गाभ्यात वावरतात. तेथे आडभिंती नसतात. तेथील एकाने भलत्या जागी हात घातला, की साठविलेली माहिती नासू नये म्हणून कार्यप्रणाली स्वतःच सारे काम थांबविते आणि पडद्यावर दोषाचा संकेत दाखविते.

१९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाला याचा प्रत्यय आला. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा एक ड्रायव्हर संगणकांच्या रक्षणासाठी गाभ्यात बसविलेला होता. त्याला धाडलेली नवी माहिती एकवीस नोंदी धरून होती, त्याच्याजवळ मात्र वीसच होत्या. एकविसावी शोधताना तो नेमल्या हद्दीबाहेर वाचू लागला आणि विंडोज प्रणाली थांबली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. भारतातील विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची वेळ आली. सदोष माहिती ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. परंतु जे यंत्र सुरूच होत नव्हते, त्याच्यापर्यंत ती दुरुस्ती पोहोचावी कशी? म्हणून असंख्य ठिकाणी माणसांना एकेका यंत्रापाशी बसून ती फाईल काढून टाकावी लागली.

घरच्या किंवा शाळेच्या संगणकावरही उपायांचा क्रम असाच आहे. प्रथम पडद्यावरील संकेत उतरून घ्यावा, आणि अलीकडे कोणते उपकरण जोडले अथवा कोणता ड्रायव्हर बदलला ते आठवावे. मग संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावा, त्या स्थितीत केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर जागे होतात. तेथे तो नीट चालला, तर दोष बहुधा वगळलेल्यांपैकी कोणाचा तरी असतो. महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी. नंतर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये जाऊन, बिघाड नव्या ड्रायव्हरनंतर झाला असल्यास पूर्वीचा परत आणावा; ड्रायव्हर जुनाट असल्यास उपकरणाच्या निर्मात्याकडूनच नवा घ्यावा. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाने आला ते कळते. एवढ्याने भागले नाही, तर स्मृतिपट्टी आणि साठवणीची तबकडी तपासावी; कारण प्रत्येक दोष दुभाष्याचाच असतो असे नाही.

संगणक अकस्मात थांबला की तो निकामी झाला असे समजून पुष्कळ जण नवा घेण्याचा विचार करू लागतात. प्रत्यक्षात पुष्कळदा यंत्र धडधाकट असते आणि मधला निरोप तेवढा चुकलेला असतो. तो निरोप दुरुस्त करणे हे शाळेतील चौकस मुलालाही शक्य आहे. मात्र त्यासाठी घाई सोडून कारण शोधण्याची सवय हवी.