आधी निदान, मग पाना

सिल्वासाहून नरोलीमार्गे भिलाडला राष्ट्रीय महामार्ग ४८ गाठणाऱ्या रस्त्यावर कारखान्यांचे अवजड ट्रक धावत असतात. पावसाळ्यात अशा रस्त्यांचा डांबरी थर उखडतो आणि त्याचा पहिला मार गाड्यांच्या पुढच्या चाकांना बसतो. मारुती ओम्नीला तो जास्तच जाणवतो. १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, त्यामुळे आज रस्त्यावरची प्रत्येक ओम्नी जुनीच आहे. शिवाय तिला पुढे बॉनेट नाही. चालक जवळजवळ पुढच्या चाकांवरच बसतो. अशा गाडीचे झिजलेले पुढचे सस्पेन्शन मालकाने घरी बदलावे का? माझ्या मते बदलावे, पण मजुरी वाचते म्हणून नव्हे. घरी निदानाला पुरेसा वेळ देता येतो, हा खरा फायदा आहे.

पुढून खडखड आली की नवे शॉकअप टाकायचे, ही सवय महागात पडते, कारण तसाच आवाज लोअर आर्मचा फाटलेला बुश, ढिला बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडही करतो. त्यांना वेगळे ओळखण्याच्या चाचण्या साध्या आहेत. गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडला आणि ती वर येऊन तिथेच न थांबता हेलकावत राहिली, किंवा शॉकअपवर तेल ओघळलेले दिसले, तर शॉकअप गेला. चाक उचलून वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. खेळ थांबला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिला तर संशय बॉल जॉइंटवर. डावी-उजवीकडे धरून खेळ लागला तर टाय रॉड एंड पाहावा. एवढे तपासल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेऊ नये.

प्रत्यक्ष कामात ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा असतो. मागच्या चाकांना उटी लावावी, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत आणि जॅकने उचललेली गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली हात घालू नये. बॉल जॉइंटची निमुळती दांडी घट्ट बसलेली असते. स्प्लिट पिन काढून, नट दोन-तीन आटे सैल करून तो तसाच ठेवावा आणि ती दांडी ज्या भोकात बसते त्याच्या बाजूवर हातोडीचा ठोका द्यावा. आट्यांवर मारल्यास ते बिघडतात. टाय रॉड एंड काढताना किती फेरे निघाले ते मोजून नवा तितक्याच फेऱ्यांवर बसवावा. रबरी बुशाचा बोल्ट मात्र गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा आवळावा. चाक लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि नवा बुश थोड्याच दिवसांत फाटतो. घाईच्या दुरुस्तीत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा असतो, आणि तो योग्य आहे. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये शॉकअपभोवती दाबलेली स्प्रिंग असते. कॉम्प्रेसर न लावता वरचा मधला नट सोडला तर ती जीव घेण्याइतक्या जोराने उसळते. म्हणून घरच्या कामाची सीमा इथेच आखावी: स्ट्रट गाडीतून काढावा, पण स्प्रिंग बदलायला गॅरेजकडे द्यावा. दुसरा आक्षेप असा की कुशल मेकॅनिक हेच काम लवकर करतो. करतोच; पण त्याच्या दारात गाड्यांची रांग असते आणि गिऱ्हाईक केवळ आवाजाचे वर्णन करते. नेमका कोणता भाग झिजला हे सांगू शकणाऱ्या मालकामुळे त्याचेही काम सोपे होते. तिसरा आक्षेप अलाइनमेंटचा. फेरे मोजल्याने गाडी दुकानापर्यंत सरळ जाते, पण चाकांचे कोन यंत्रावरच जुळतात. तो खर्च टाळला तर नवे टायर एका कडेने झिजून त्याहून मोठे नुकसान होते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि तेव्हा गाडीची तपासणी होते. तोपर्यंत थांबू नका. दर पावसाळ्यानंतर पुढची चाके उचलून हलवून पाहा, शॉकअप दोन्ही बाजूंचे जोडीनेच बदला, आणि स्प्रिंगला योग्य अवजाराशिवाय हात लावू नका.