वारं आत येतं, पण जायचं कुठून?

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या घरी ‘गाडी’ हा शब्द निघाला की सरळ दोन पक्ष पडत. एका पक्षात माझे धाकटे दीर एकटे, आणि दुसऱ्या पक्षात आम्ही सगळ्या बायका. भांडण पैशावरून नव्हतं. त्या गाडीत बसलं की जीव घाबरा होतो, यावरून होतं.

गाडी म्हणजे आपली नेहमीची चारचाकी नव्हे बरं का! भाऊजींनी हौसेनं जुनी घेतलेली दोनच माणसांची स्पोर्ट कार. जुन्या विलायती गाडीची हुबेहूब नक्कल. इंजिन आपल्याकडचं, अंग मात्र फायबरचं, छप्पर बुटकं आणि समोरची काच आडवी पडलेली. केजच्या बाजारातून निघाली की पोरं मागं धावायची. बाहेरून बघणाऱ्याला हेवा वाटावा आणि आत बसणाऱ्याला घाम फुटावा, अशी तिची तऱ्हा!

अशा नकली गाड्यांचं वेड काही आमच्याच घरात नाही. इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनं १९५७ साली ‘सेव्हन’ नावाची छोटी, हलकी गाडी काढली. तिच्या धर्तीवर जगभर कितीतरी गाड्या निघाल्या. आपल्या महाराष्ट्रात अलिबागजवळ चिंकारा मोटर्सनं ‘रोडस्टर’ नावाची गाडी बनवली तीही त्याच घाटाची, फायबरच्या अंगाची आणि इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसवलेली. पण मूळ गाड्या थंड हवेच्या देशातल्या. तिथं इंजिनाची ऊब आत आली तर माणूस सुखावतो. आपल्या बीड जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथं तीच ऊब वैरीण होते.

त्या दिवशी मांजरसुंब्याला

माझ्या धाकट्या जाऊबाईंना तेव्हा पाचवा महिना होता. तपासणीसाठी बीडला जायचं होतं. “एसटीत धक्के बसतील, मी गाडीतून नेतो,” भाऊजी म्हणाले. त्यात प्रेमच होतं, नाही कशाला म्हणू? सकाळी निघायचं ते निघता निघता अकरा वाजले. नेकनूर मागं पडलं, मांजरसुंबा आलं आणि तिला गरगरायला लागलं. बाजूच्या काचांचा पुढचा वीतभर भाग तेवढा सरकत असे, बाकी काच पक्की बसवलेली. तो वीतभर भाग उघडाच होता. तरी आत कोंडलेलं, पायाशी इंजिनाची धग आणि नाकात जळकट वास.

भाऊजींनी हॉटेलपाशी सावलीत गाडी लावली, तिला बाकावर आडवं केलं, ओल्या रुमालानं तोंड-मान पुसली. हॉटेलवाल्या मावशींनी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. पुढचा प्रवास जीपनं झाला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, “पोटातलं बाळ चांगलं आहे. पण अंगातलं पाणी फार कमी झालं होतं. आणखी तासभर तसंच बसला असतात तर प्रसंग अवघड होता.”

संध्याकाळी घरी आल्यावर जाऊबाई एवढंच म्हणाली, “यापुढं त्या डब्यात मी पाय ठेवणार नाही.” भाऊजींनी मान खाली घातली. गाडीवर ताडपत्री पडली, आणि घरात अबोला.

सासूबाईंचं गणित

सप्टेंबरात बाळ आलं, घरात हसू आलं. दिवाळीत एकदा ताडपत्री काढून भाऊजी गाडी पुसत होते. सासूबाई ओसरीवर बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भाऊजी म्हणाले, “आई, खिडकी आणखी मोठी करून घेतो. मग वारं येईल.”

सासूबाई म्हणाल्या, “वारं आत येतंय रे, पण जायचं कुठून त्यानं? आपल्या जुन्या घराला समोर दार होतं, तसंच वर झरोकाबी होता. एकच दार उघडं ठेवलं तर चुलीचा धूर गेला असता का?”

मैत्रिणींनो, पुढं जे काही शिकले त्याचं सार या एका वाक्यात होतं. बंद पेटीला एकच भोक असेल तर वारा तोंडाशीच घुटमळतो. आत यायला एक वाट हवी, तशी बाहेर जायलाही हवी. मोठमोठ्या कंपन्यांनासुद्धा हे उमगायला वेळ लागला. इंग्लंडच्या फोर्डनं १९६४ साली आपल्या ‘कॉर्टिना’ गाडीत पुढून ताजी हवा घ्यायची आणि मागच्या खांबातल्या फटींतून बाहेर सोडायची, अशी सोय केली. काचा बंद असतानाही हवा खेळती राहते म्हणून तिची केवढी जाहिरात झाली!

आपल्याकडच्या जुन्या अॅम्बॅसिडर आणि पद्मिनी आठवतात ना? पुढच्या दाराला त्रिकोणी काच असायची. ती तिरकी फिरवली की वारा थेट अंगावर येई, आणि उलट फिरवली की आतली हवा बाहेर खेचली जाई. पद्मिनी तर मुंबईच्या टॅक्सीतूनही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, पण ती त्रिकोणी काच मोठी शहाणी होती.

आधी धग आणि धूर थांबवा

आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बजावलं, “काचा नंतर. आधी वास कुठून येतो ते बघू.” त्यांचं खरंच होतं. गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला ना रंग ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, सुस्ती येते आणि माणसाला वाटतं, ऊन लागलं. जळकट वास आला तर धूर आत येतोय असं समजावं; पण वास नाही म्हणून धोका नाही, असं मात्र समजू नये.

रात्री अंगणात गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून, मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि इंजिनाच्या बाजूनं टॉर्च धरला. मी आत अंधारात बसले. जिथून उजेडाची तिरीप आली तिथं खडूनं खूण केली. सात खुणा झाल्या! वायरी आणि दांडे जाण्यासाठी पाडलेली भोकं तशीच उघडी होती. त्यांना रबरी ग्रोमेट बसवले, इंजिनाकडच्या भिंतीला आणि दोन आसनांमधल्या उंचवट्याला चंदेरी कागदाचं उष्णतारोधक अस्तर लावलं. सायलेन्सरचा एक जोड गळत होता, तो बदलला. एवढ्यानंच पायाची धग निम्मी वाटायला लागली.

लोकरीचे धागे

आता वाऱ्याची वाट शोधायची. सासूबाई म्हणाल्या, “उदबत्ती लावा, धूर कुठं जातो ते बघा.” मिस्त्रींनी हात जोडले, “आजी, पेट्रोलची गाडी आहे!” मग मी बाळाच्या स्वेटरची उरलेली लोकर काढली. बोटभर लांबीचे तुकडे करून काचेच्या कडांना, छपराला, आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावले. पहाटे रिकाम्या रस्त्यावर भाऊजींनी गाडी हळू चालवली. चालवणाऱ्यानं फक्त रस्ता बघायचा, धागे बघायचं काम शेजारच्याचं, म्हणजे माझं.

समोरच्या काचेच्या पायथ्याशी बाहेरचे धागे काचेला चिकटून थरथरत होते. तिथं वारा आदळतो, म्हणून दाब जास्त. बाजूच्या काचेच्या मागच्या कडेला दाब कमी, म्हणून तिथली उघडी फट आतली हवा बाहेर ओढते. आत मात्र एकही धागा हलेना! वीतभर फटीशी थोडी फडफड, बाकी सगळे मेल्यासारखे लोंबत होते. सासूबाईंचं गणित डोळ्यांनी दिसलं.

मग बेत ठरला तो असा :

१. समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवा आत घेण्याची झडप. तिला बारीक जाळी, आणि पावसाचं पाणी निथळायला खाली नळी.

२. सावकाश चालताना किंवा थांबल्यावर वारा नसतो, त्यासाठी झडपेमागं छोटा पंखा. त्याच्या वायरीत फ्यूज हवाच.

३. बाजूच्या काचेचे दोन भाग. पुढचा सरकणारा, मागचा, पुढच्या कडेला बिजागरी असलेला. मागची कड दोन बोटं बाहेर ढकलली की आतली हवा निघून जाते.

४. गाडीच्या अगदी मागं, सायलेन्सरच्या वर, कुठलीही फट ठेवायची नाही. धावत्या गाडीच्या मागं हवेचा भोवरा होतो आणि धूर उलटा आत येऊ शकतो. सामान मोठं म्हणून डिकी उघडी ठेवून जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

ब्लाउजसारखी काच

काचेपाशी घोडं अडलं. गाडीला कडक केलेली सुरक्षित काच लागते, फुटली तर तिचे धारदार तुकडे न होता बारीक दाणे होतात. पण एकदा कडक केली की ती कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. जे काही मोजमाप, ते आधी. मिस्त्रींचा कागदी नमुना दोनदा चुकला, कारण काचेची चौकट कुठंच सरळ नव्हती.

दारातून जाऊबाई बघत होती. अबोला होता तरी तिला राहवेना. शिवणाची कात्री आणि वर्तमानपत्र घेऊन आली. “बाह्यांचा गोलाई असा काढतात का? द्या इकडं!” तिनं कागद चौकटीवर दाबून नखानं कड उमटवली, दोन्ही बाजूंचा वेगळा नमुना कापला, रबरासाठी चारी बाजूंनी जागा सोडली, बिजागरीच्या भोकांना टाचणीनं खुणा केल्या. “डावी आणि उजवी सारखी नसते, माणसाची असो की गाडीची,” म्हणाली. काचा करून आल्या त्या पहिल्या फटक्यात बसल्या. भाऊजी तिच्याकडं बघून हसले आणि तीही हसली. अबोला तिथंच सुटला.

कायद्याचंही सांगते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या गोष्टींपेक्षा गाडी वेगळी होईल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावून सांगितलं आहे. म्हणून आम्ही छपराला किंवा सांगाड्याला हात लावला नाही, आणि काम करण्याआधी आरटीओ कचेरीत विचारून घेतलं. काचेतूनही ठरल्याएवढा उजेड आरपार जायला हवा. पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के, बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के. तेव्हा काळ्याकुट्ट काचांचा मोह नको.

फरक किती पडला?

खरं तेच सांगते. बाहेर ४१ अंश असताना आमच्या भिंतीवरच्या तापमापकानं आत आधी ४८ दाखवले होते. सगळं झाल्यावर तशाच उन्हात, धावत्या गाडीत ४३ दाखवले. बाहेरच्यापेक्षा थंड नुसत्या वाऱ्यानं होत नाही, त्याला एसीच लागतो. पण कोंडमारा गेला, वास गेला, आणि आतले सगळे धागे नाचू लागले.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम असते तेव्हा वारा घाम वाळवून गारवा देतो, पण अंगातलं पाणीही तितकंच ओढून घेतो. म्हणून पाण्याची बाटली, लिंबू-मीठ-साखर आणि मानेवर ओला पंचा हवाच. गरोदर बाई, तान्हं मूल आणि म्हातारी माणसं यांना भर दुपारी बाहेर काढूच नये.

तुमच्या-आमच्या गाडीसाठी

• उन्हात तापलेल्या गाडीत लगेच बसू नका. एका बाजूची काच उतरवा आणि समोरासमोरचं दार पाच-सहा वेळा उघड-झाक करा. कोंडलेली गरम हवा बाहेर ढकलली जाते.

• पुढची एक आणि तिच्या तिरप्या कोपऱ्यातली मागची एक अशा दोन काचा थोड्या उघडल्या की हवा सगळ्यांच्या अंगावरून फिरते.

• एसी लावताना आधी दोन मिनिटं काचा उघड्या ठेवा. लांबच्या प्रवासात मधूनमधून बाहेरची हवा घेण्याचं बटण वापरा, नाहीतर तीच ती हवा फिरत राहते आणि जडपणा येतो.

• बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून एसीत बसू नका.

• कुणी बरळू लागलं, अंग कढत झालं, शुद्ध हरपू लागली तर ती उष्माघाताची खूण. सावलीत न्या, अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं. “काच थोडी उघडी आहे, पाच मिनिटांत येते,” असं म्हणून मुलाला उभ्या गाडीत कधीच ठेवू नका. अमेरिकेत मॅकलारेन, नल आणि क्विन यांनी २००५ साली मोजून दाखवलं की उन्हातल्या बंद गाडीचं तापमान तासाभरात सुमारे २२ अंशांनी चढतं, आणि त्यातला बराचसा भाग पहिल्या अर्ध्या तासातच. काच थोडी उघडी ठेवल्यानं जवळजवळ काहीच फरक पडला नाही. उभ्या गाडीला ना वारा, ना वाट.

या वर्षी चैत्रात एका पहाटे जाऊबाई आणि भाऊजी त्या गाडीतून अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला गेले. बाळ आजीपाशी राहिलं. ऊन चढायच्या आत परत आले. सासूबाईंनी गाडीत हात घालून बघितलं आणि म्हणाल्या, “आता कसं, घरासारखं वाटतंय.” मग सुनेकडं वळून पुढं म्हणाल्या, “तरी पण दुपारची निघू नकोस हं!”