डॉक्टरचा पगार जमिनीच्या करातून



लागणीच्या बैठकीत बेण्याचा विषय संपला की बोलणे हमखास दवाखान्यावर येते. ऊसबिल आले, सोसायटीचे कर्ज वळते झाले आणि उरलेले आजारपणात गेले, असे सांगणारे पुष्कळ. इतर देशांतले शेतकरी हे कसे भागवतात? कॅनडातील सस्कॅचेवान या गहू पिकविणाऱ्या प्रांताची हकीकत त्यासाठी ऐकण्यासारखी आहे.

तिथे वस्ती विरळ, थंडी कडाक्याची. रोग्याच्या हाती पैसा येणार पीक निघाल्यावर, म्हणून गावात डॉक्टर टिकेना. सन १९१४-१५ च्या सुमारास सार्निया येथील ग्रामपालिकेने, आहे तो डॉक्टर निघून जाऊ नये म्हणून, त्यास वर्षाला दीड हजार डॉलर देऊ केले. पुढे अनेक पालिकांनी जमिनीवरील करातून डॉक्टर नेमले. शाळामास्तरचा पगार असाच निघत होता. ज्याच्या घरात शाळेत जाणारे पोर नाही तोही मास्तरसाठी कर भरतो, मग डॉक्टरनेच काय घोडे मारले?

सन १९४४ मध्ये टॉमी डग्लस त्या प्रांताचे मुख्यमंत्री झाले. लहानपणी त्यांचा पाय कापायची वेळ आली होती आणि घरी पैसा नव्हता. एका सर्जनने, विद्यार्थ्यांना शिकवायला मिळेल म्हणून, फुकट शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. असे नशिबावर कुणी राहू नये, हे त्यांच्या मनात पक्के बसले. १९४७ पासून माणशी वर्षाला पाच डॉलर घेऊन रुग्णालयाचा खर्च सरकारने उचलला. १ जुलै १९६२ पासून डॉक्टरची फीसुद्धा. त्यावर डॉक्टरांनी २३ दिवस संप केला! संप मिटला, योजना राहिली, आणि १९६६ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला.

ब्रिटनमध्येही १९४८ पासून खर्च मुख्यतः करातूनच चालतो. जर्मनीत १८८३ पासून पगारातून कपात होते, मालकही वाटा घालतो. पगारदाराला ते सोयीचे. ज्याचे बिल हप्त्याहप्त्याने येते त्याला हे गणित बसवणे जड, असे माझे मत. कॅनडातही सगळे गोड नाही. काही शस्त्रक्रियांसाठी महिनोन् महिने नंबर लावून बसावे लागते.

आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक उपचार बिनपैशाने होतात, पण योजनेतील रुग्णालयातच. तेव्हा रोग्याला कुठे न्यायचे हे ठरविण्याआधी त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

— ऊस विकास अधिकारी