सावकाश, पण जबरदस्त!

कुंग-फू म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ब्रूस लीची विजेसारखी लाथ येते ना? पण गंमत ऐका. या ब्रूस लीला लहानपणी वडिलांनी पहिले धडे दिले ते अगदी संथ अशा 'ताई-ची'चे!

चीनमधल्या बागांत सकाळी आजी-आजोबा गुडघाभर पाण्यात चालावं तसे हळूहळू हातपाय हलवताना दिसतात. हा नाच नव्हे बरं का! ही आहे युद्धकला. प्रत्येक हालचालीत वार चुकवणं, ढकलणं किंवा ठोसा लपलेला असतो.

हेनान प्रांतातलं चेनजियागोऊ हे खेडं म्हणजे या विद्येचं माहेरघर. सतराव्या शतकात चेन वांगटिंग या लढवय्यानं तिचा पाया घातला, असं मानतात. पुढे बंदुका आल्या आणि ठोशांची गरज घटली. मग लोक ताई-चीकडे तब्येतीसाठी वळले. सर्वांना जमावा म्हणून चीनमध्ये १९५६ साली २४ हालचालींचा सोपा संच तयार झाला.

पण खुद्द चेनजियागोऊत ही विद्या मागे पडत होती. तेव्हा चेन झाओपी हे साठी ओलांडलेले गुरुजी १९५८ मध्ये गावी परतले आणि पोरांना शिकवू लागले. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. जुनं ते सारं वाईट ठरलं! तरी ती पोरं टिकली. १९७२ मध्ये गुरुजी गेले, पण त्यांच्या शिष्यांनी ताई-ची जगभर नेली. २०२० मध्ये युनेस्कोनंही तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

हिचा फायदा काय? गुडघे किंचित वाकवून वजन या पायावरून त्या पायावर नेताना मांड्या बळकट होतात, तोल सुधारतो. म्हातारपणी पडणं फार महागात पडतं. अमेरिकेत पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर प्रयोग झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई-ची करणाऱ्यांचा तोल सुधारला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. औषधं मात्र कुणी सोडायची नाहीत हं!

करून बघायचंय? पाय खांद्याएवढे फाकवा, गुडघे जरासे सैल सोडा. दहा आकडे मोजत सगळं वजन उजव्या पायावर न्या, मग तसंच डाव्यावर. श्वास रोखू नका. आजीलाही बोलवा, तिच्या हाताशी खुर्ची ठेवा. आणि आईबाबा, तुम्ही नुसते बघत बसू नका!