कासीम रझवी निजामाचा सेनापती नव्हता

सप्टेंबर उजाडला की छत्रपती संभाजीनगरात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची तयारी सुरू होते आणि मोबाइलवर तोच मजकूर फिरू लागतो: 'निजामाचा क्रूर सेनापती कासीम रझवी आणि त्याची रझाकार फौज'. शाळेतल्या भाषणांत हेच, व्यासपीठांवरही हेच. 'क्रूर'बद्दल वाद नाही. पण सेनापती? हे कुठून आले ते शोधूनही सापडत नाही आणि दरवर्षी खोडून काढले तरी जात नाही.

हैदराबादच्या निजामाचे सैन्य वेगळे होते. वीसेक हजारांचे, पगारी, गणवेशातले. त्याचे सरसेनापती होते मेजर जनरल अल इद्रूस. 18 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय लष्कराचे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यासमोर शरणागती पत्करली ती या इद्रूस यांनी. रझवी होता लातूरचा वकील. अलीगढला शिकलेला, सरकारी हुद्दा नाही की लष्करी पद नाही. रझाकार हे मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाचे स्वयंसेवक दल, आणि रझवी त्या पक्षाचा अध्यक्ष.

'सेनापती काय, पुढारी काय, मेलेल्यांना काय फरक पडतो?' असे कुणी म्हणेल. मेलेल्यांना पडत नाही. इतिहास समजून घेणाऱ्याला पडतो. सेनापती राजाचा हुकूम पाळतो. इथे उलटे घडले.

मजलिस 1927 ची. 1938 मध्ये बहादूर यार जंग तिचे अध्यक्ष झाले. जहागीरदार माणूस, उर्दूतला नामांकित वक्ता. संस्थानातली सत्ता एकट्या निजामाची नसून तिथल्या मुसलमान समाजाची आहे, निजाम फक्त तिचे प्रतीक, ही मांडणी त्यांच्या काळात रुजली. बहुसंख्य हिंदू प्रजेच्या राज्यात ही मांडणी पुढे कुठे नेणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. 1944 मध्ये बहादूर यार जंग अचानक वारले, पक्षात पोकळी निर्माण झाली आणि 1946 मध्ये रझवी अध्यक्षपदी आला. त्याच्या हाताखाली रझाकारांची संख्या झपाट्याने वाढली. ती दोन लाखांपर्यंत गेल्याचे सांगतात; सगळे शस्त्रधारी नव्हते, पण गावे जाळायला आणि लुटायला भाले-तलवारी पुरल्या.

त्याची खरी ताकद दिसली 27 ऑक्टोबर 1947 च्या पहाटे. भारताबरोबरच्या 'जैसे थे' कराराचा मसुदा ठरला होता, निजामाच्या मंत्रिमंडळाने तो बहुमताने मान्य केला होता आणि शिष्टमंडळ दिल्लीला निघणार होते. मजलिसच्या हजारोंच्या जमावाने पंतप्रधान नवाब छतारी आणि निजामाचे सल्लागार, इंग्रज कायदेपंडित सर वॉल्टर मॉन्क्टन यांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळ निघालेच नाही. छतारी पायउतार झाले, पुढे मीर लायक अली पंतप्रधान झाले. गंमत अशी की 29 नोव्हेंबरला निजामाने सही केली ती जवळपास त्याच करारावर.

भारत सरकारच्या संस्थान खात्याचे तेव्हाचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी संस्थानांच्या विलीनीकरणावरच्या पुस्तकात हा सगळा प्रसंग नोंदवला आहे. तेवढ्याने पटत नसेल तर खुद्द निजामाचे ऐका. पराभवानंतर 23 सप्टेंबर 1948 च्या रेडिओ भाषणात त्याने सांगितले की, रझवीच्या टोळीने हिटलरी पद्धतीने राज्य ताब्यात घेतले आणि लायक अली मंत्रिमंडळ आपल्यावर लादले.

आता लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. 'बिचारा निजाम, रझवीने फसवला' हेही तितकेच खोटे. हे भाषण हरलेल्या माणसाचे आहे. रझाकार वाढत होते तेव्हा त्यांच्यावर बंदी घालणे त्याच्या हातात होते. त्याने ती घातली नाही. उलट त्यांच्या धाकाचा भारताशी चाललेल्या वाटाघाटींत उपयोगच होता. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे धाव घेतली, तीही त्याच्याच सरकारच्या नावाने.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. रझवीला फाशी झाली नाही. बीबीनगर दरोडा खटल्यात त्याला शिक्षा झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथला निकाल 1953 चा. 1957 मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला आणि 1970 मध्ये कराचीत वारला. सप्टेंबर 1948 ची 'पोलीस ॲक्शन' पोलिसांनी केली नाही. ती रणगाड्यांसह आलेल्या भारतीय लष्कराची मोहीम होती. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) शहर 17 सप्टेंबरला नव्हे, त्याच्या आधीच लष्कराच्या हाती आले होते. 17 तारीख युद्धविरामाची. ओवेसी हे रझवीचे वंशज नाहीत. पाकिस्तानात जाण्याआधी रझवीने पक्षाची सूत्रे अब्दुल वाहेद ओवेसी या वकिलाकडे सोपवली, एवढाच तो धागा.

आणि एक, ज्याला एक ओळ पुरणार नाही: 'तेव्हाचे सगळे मुसलमान रझाकारच'. हेही खोटे. भारतातल्या विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारा 'इमरोज' या वृत्तपत्राचा संपादक शोएबुल्ला खान याचा हैदराबादेत ऑगस्ट 1948 मध्ये खून झाला, तेव्हा मारेकऱ्यांनी त्याचा हातही तोडला. रझवीच्या लातूरचे पुढे काय झाले तेही नोंदलेले आहे. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने लिहिले आहे की, तिथे वीस दिवसांहून जास्त काळ मुसलमानांची कत्तल चालली, हजारावर माणसे मारली गेली आणि सुमारे दहा हजारांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरले होते. भारतीय लष्कर आल्यानंतरची ही गोष्ट. हा अहवाल सरकारने कित्येक दशके छापला नाही. तो अभ्यासकांना सहज वाचता येऊ लागला 2013 च्या सुमारास.