अमावास्येच्या दोन रात्री

पौर्णिमेच्या चांदण्याचे कौतुक कवींनी पुष्कळ केले आहे. अमावास्येच्या वाट्याला मात्र भीती आणि अपशकुन यांवाचून फारसे काही आले नाही. तथापि या जगात अशीही काही माणसे आहेत, की जी पंचांग उघडून अमावास्येची तिथी आतुरतेने शोधीत असतात. चंद्राशी त्यांचे वैर नाही. परंतु चंद्राच्या तेजाने जे झाकले जाते, ते त्यांना पाहावयाचे असते. ही माणसे म्हणजे हौशी आकाशनिरीक्षक होत.

महाराष्ट्रात ही हौस नवी नाही. ज्योतिषशास्त्राचे थोर अभ्यासक शंकर बाळकृष्ण दीक्षित हे स्वतः शिक्षक होते आणि त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सामान्य वाचकांना तारे ओळखावयास शिकविणारे सुबोध पुस्तक मराठीत लिहिले. पुढे १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. १९८५ साली मुंबईत खगोल मंडळ सुरू झाले. पावसाळा सरून हवा निवळली, की अमावास्येच्या जवळचा शनिवार-रविवार साधून अशा मंडळींचे लहानमोठे गट शहरापासून दूर एखाद्या गावाच्या माळावर जमतात. बरोबर सतरंज्या, घोंगड्या, चहाची किटली, ताऱ्यांचे नकाशे आणि मुख्य म्हणजे मोठमोठ्या दुर्बिणी असतात.

या मंडळींना पाहावयाचे तरी काय असते? चंद्रावरील विवरे, गुरूचे उपग्रह आणि शनीची कडी ही शहराच्या गच्चीवरूनही दिसतात. त्यासाठी माळ गाठण्याची गरज नाही. त्यांना हवे असते ते याहून फार दूरचे आणि फार मंद. त्याचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. एकाच ठिकाणी जन्मलेल्या ताऱ्यांचा समूह म्हणजे तारकागुच्छ. ताऱ्यांच्या मधल्या अवकाशातील वायू व धूळ यांचा ढग म्हणजे तेजोमेघ. आणि आपल्या आकाशगंगेच्याही पलीकडे असलेली, अब्जावधी ताऱ्यांची स्वतंत्र नगरी म्हणजे दीर्घिका. या तिन्हींचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचेतो इतका क्षीण झालेला असतो, की गावातील एका दिव्याचा उजेडही त्यास पुरून उरतो.

गंमत अशी, की या वस्तूंची प्रसिद्ध यादी ज्याने केली, त्याला त्या पाहण्याची मुळीच हौस नव्हती. शार्ल मेसिए हा अठराव्या शतकातील फ्रेंच ज्योतिषी धूमकेतूंचा शोधक होता. १७५८ साली धूमकेतू शोधीत असता वृषभ राशीत त्याला एक पुसट डाग दिसला. धूमकेतू रोज थोडा थोडा सरकतो. हा डाग मात्र जागचा हलेना. अशा फसव्या डागांमुळे वेळ फुकट जाऊ नये, म्हणून त्याने त्यांची यादीच करावयास घेतली. १७७४ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या यादीत ४५ डाग होते. १७८१ साली ती संख्या १०३ झाली. पुढे अभ्यासकांनी त्यात भर घालून ती ११० केली. मेसिएने जे टाळावे म्हणून लिहून ठेवले, तेच पाहण्यासाठी आज जगभरची माणसे रात्री जागवितात! मार्चअखेरीच्या सुमारास तर यादीतील जवळजवळ सगळ्या वस्तू एकाच रात्रीत पाहण्याची जणू शर्यतच लागते.

मंद प्रकाश टिपावयाचा तर दुर्बीण मोठी हवी. दुर्बिणीचे मोठेपण ती वस्तू किती पट मोठी दाखविते यावर मोजीत नाहीत. ती किती प्रकाश गोळा करते यावर मोजतात. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर परातीत पाणी अधिक साचेल. तसेच हे आहे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर रुंद होते. ४५० मिलिमीटर, म्हणजे सुमारे अठरा इंच रुंदीचा अंतर्गोल आरसा हा तिच्या ६४ पट रुंद झाला. क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून हा आरसा डोळ्यापेक्षा ६४ गुणिले ६४, म्हणजे सुमारे ४,००० पट प्रकाश गोळा करतो.

एवढी मोठी दुर्बीण सामान्य माणसाच्या हाती आली, याचे बरेचसे श्रेय जॉन डॉब्सन या अमेरिकन गृहस्थास आहे. १९४४ साली तो सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीत दाखल झाला आणि रामकृष्ण संप्रदायाचा साधक म्हणून बरीच वर्षे मठात राहिला. हाती पैसा नाही. म्हणून जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ जाड काचा घासून त्याने आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळकांड्यात ते बसविले आणि साध्या लाकडी पेटीवर ती नळी अशी ठेवली, की बोटाने ढकलताच हवी त्या दिशेस वळावी. १९६७ साली त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्याने मित्रांसह एक मंडळ काढले व रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडून जाणाऱ्या-येणाऱ्यांना आकाश दाखविण्यास आरंभ केला. २०१४ साली तो वारला. आज माळावर दिसणाऱ्या बहुतेक मोठ्या दुर्बिणी त्याच्याच पद्धतीच्या असतात.

आता जानेवारीतील अशा एका रात्रीचा क्रम पाहू. दुर्बिणी सूर्यास्तापूर्वीच उघड्यावर मांडतात. दिवसभर तापलेला आरसा बाहेरच्या हवेइतका थंड झाल्यावाचून प्रतिमा स्थिर राहत नाही. चुलीवरच्या हवेतून पलीकडचे दृश्य हलते, तशी ती थरथरते. अंधार पडला, की पांढरे दिवे मालवावयाचे आणि नकाशा पाहण्यापुरता मंद तांबडा दिवा वापरावयाचा. आपला डोळा अंधाराला पुरता सरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो; पण पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती अर्ध्या तासाची कमाई क्षणात नाहीशी होते. म्हणून या मेळ्यात मोठ्यात मोठा अपराध कोणता, तर विजेरी पेटविणे! भ्रमणध्वनीसुद्धा खिशाबाहेर काढावयाचा नाही.

पाहण्याचीही एक कला आहे. आमच्या शाळेतील एका मुलीने प्रथमच मोठ्या दुर्बिणीस डोळा लावला आणि ती हिरमुसून म्हणाली, "गुरुजी, यात काहीच नाही." शेजारी उभ्या असलेल्या निरीक्षकांनी तिला सांगितले, "बाळ, जे पाहावयाचे आहे त्याच्याकडे पाहू नकोस. त्याच्या किंचित बाजूला पाहा." क्षणभराने ती ओरडली, "दिसले!" याचे कारण डोळ्याच्या रचनेत आहे. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी रंग व बारकावे जाणणाऱ्या पेशी आहेत. मंद प्रकाश जाणणाऱ्या पेशी त्या मध्याच्या भोवती आहेत. म्हणून मंद वस्तू तिरप्या नजरेला आधी दिसते. याच कारणाने ती बहुधा करड्या रंगाची दिसते. पुस्तकांतील रंगीबेरंगी चित्रे कॅमेऱ्याने दीर्घकाळ प्रकाश साठवून घेतलेली असतात. ज्याला हे आधी ठाऊक नसते, तो निराश होतो. ज्याला ठाऊक असते, तो त्या करड्या डागाकडे तासभर पाहत राहतो.

कारण तो डाग म्हणजे चित्र नव्हे. प्रत्यक्ष तेथून निघालेला प्रकाश आहे. प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर काटतो, त्यास प्रकाशवर्ष म्हणतात. कृत्तिकांचा गुच्छ सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर आहे. आज दिसणारा त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा संत एकनाथ पैठणास हयात होते. मृगाच्या पोटातील बाणाच्या खाली मंद ताऱ्यांची एक छोटी ओळ आहे. तिच्या मधोमध पिंजलेल्या कापसासारखा तेजोमेघ दिसतो. तेथे आजही नवे तारे जन्म घेत आहेत. त्याचे अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षे. त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते.

मेसिएला चकविणारा वृषभातील तो डाग बैलाच्या शिंगाच्या टोकाजवळ आहे. १०५४ सालच्या जुलैत चिनी ज्योतिष्यांनी त्याच जागी एक नवा तारा पाहिला. तो २३ दिवस भर दिवसाही दिसत होता. तो नवा जन्मलेला तारा नव्हता. एका प्रचंड ताऱ्याचा तो मृत्यू होता आणि आजचा डाग म्हणजे त्याचे विखुरलेले अवशेष होत. म्हणजे एकाच रात्री, एकाच आकाशात, ताऱ्यांचे जन्मस्थान आणि ताऱ्याची रक्षा ही दोन्ही पाहावयास मिळतात.

संध्याकाळी पश्चिमेकडे देवयानीतील दीर्घिका दिसते. खऱ्या अंधारात ती नुसत्या डोळ्यांनाही दिसते. ती आपल्याच आकाशगंगेचा भाग आहे की स्वतंत्र नगरी, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. १९२३ साली एडविन हबल याने अमेरिकेतील माउंट विल्सन येथील शंभर इंची दुर्बिणीतून तिच्यातील एका ताऱ्याचा अभ्यास करून ती फार दूर असल्याचे दाखविले. आजच्या मापाने ते अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे. तो प्रकाश निघाला, तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा मनुष्य निर्माणच झाला नव्हता.

मध्यरात्रीनंतर सप्तर्षी वर चढतात. त्यांच्या शेपटीच्या टोकाशी जो मरीची, त्याच्याजवळ एक भोवऱ्यासारखी दीर्घिका आहे. १८४५ साली लॉर्ड रॉस याने आयर्लंडमध्ये ७२ इंची दुर्बिणीतून तिचे वळसे प्रथम पाहिले आणि हाताने त्यांचे चित्र काढले. आज अठरा इंची दुर्बीण आणि अंधारे आकाश असेल, तर ते वळसे शाळेतील मुलालाही ओळखता येतात. पहाटे दक्षिण क्षितिजावर नरतुरंगातील थोर गोलाकार तारकागुच्छ येतो. त्यात सुमारे एक कोटी तारे आहेत. मेसिएच्या यादीत तो नाही. कारण पॅरिसच्या क्षितिजावर तो कधी उगवतच नाही. मेसिएला जे दुर्लभ होते, ते आपल्या माळावरून दिसते.

दोन दिवसांचा हा मेळा माणसाला आणखीही एक गोष्ट शिकवितो. दुर्बीण एक आणि डोळे अनेक. म्हणून प्रत्येकाने आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचे, आपले पाहून झाले की बाजूस व्हावयाचे. ज्याला वस्तू सापडली, तो इतरांना हाका मारतो. अंधारात एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत. त्यामुळे शेजारी उभा आहे तो अधिकारी की शेतकरी, याची विचारपूसही कोणी करीत नाही. पहिली रात्र ढगांनी गिळली, तरी कोणी चडफडत नाही. दुसऱ्या रात्रीची वाट पाहतात.

परंतु ज्या अंधाराच्या आधारावर हे सारे उभे आहे, तो अंधारच आता ओसरत चालला आहे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या जगाच्या नकाशावरून असे दिसून आले, की मानवजातीपैकी एकतृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या घराच्या आकाशात आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. वर फेकला गेलेला उजेड हवेतील धुळीवर विखुरतो आणि सारे आकाश फिकट करून टाकतो. याची झळ केवळ निरीक्षकांनाच पोहोचते असे नाही. कासवांची पिले अंड्यांतून बाहेर पडताच उजळ क्षितिजाकडे धावतात. किनाऱ्यावर दिवे असले, तर ती समुद्राऐवजी दिव्यांकडे भरकटतात. कोकणच्या ज्या किनाऱ्यांवर अशी पिले समुद्रात सोडली जातात, तेथे अंधार राखणे हे जीवरक्षणच होय.

उपाय कठीण नाही. दिवा हवा; पण त्याचा उजेड जमिनीवर पडावा, आकाशात जाऊ नये. दिव्यास वरून झाकण घालावे, गरज नसेल तेव्हा तो मालवावा, एवढे पुरे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये लडाखमधील हानले येथे अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र जाहीर झाले. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये असाच आंतरराष्ट्रीय मान मिळाला. वाघासाठी राखलेल्या वनात आता ताऱ्यांसाठीही अंधार राखला जात आहे.

विद्यार्थिमित्रांनो, मोठी दुर्बीण तुमच्यापाशी नसेल; त्याने काही अडत नाही. येत्या अमावास्येस वडीलधाऱ्यांसह गावाबाहेर जा. अर्धा तास दिवा लावू नका. मग कृत्तिकांत किती तारे दिसतात ते मोजा, आणि आपली गणती वहीत लिहून ठेवा. पुढील वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात पुन्हा मोजा. संख्या कायम राहिली, तर तुमच्या गावाने आपला अंधार जपला असे समजा. कमी झाली, तर ती वही घेऊन गावातील जाणत्या मंडळींकडे जा आणि दिव्यांना झाकणे घालण्याची गोष्ट काढा.