टायर आतल्या कडेनेच का झिजला?

विद्यार्थी मित्रांनो, आज एका टायरची गोष्ट सांगतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने जुनी छोटी मोटार घेतली. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून त्याने पुढच्या स्प्रिंगांचे वेढे कापून घेतले आणि ती सुमारे ४ सेंटिमीटर खाली बसवली. पुढे चारेक हजार किलोमीटर गाडी मजेत चालली. ती कोणत्याही बाजूला ओढत नव्हती, स्टीअरिंग थरथरत नव्हते. एकदा तो आईवडिलांना घेऊन पुण्याहून साताऱ्याला निघाला होता. वाटेत हवा भरायला थांबला, तेव्हा पंक्चरवाल्याने सहज टायरच्या आतल्या अंगाने हात फिरवला आणि म्हणाला, "दादा, बाहेरून टायर नवा आहे, पण आतून तारा दिसायला लागल्यात. असेच खंबाटकीचा घाट चढणार होतात?"

दुसऱ्या दिवशी तो टायर घेऊन माझ्याकडे आला. "सर, एकाच टायरची एक कड नवी आणि दुसरी संपलेली, असे कसे होते?" प्रश्न मोटारीचा असला तरी उत्तर तुमच्या नववी-दहावीच्या भूमितीत आहे. चला, ते शोधू या.

चाकाचे दोन कोन

गवंडी भिंत सरळ आहे की नाही, हे ओळंबा सोडून पाहतो. तसाच ओळंबा मोटारीच्या चाकाशेजारी धरला, तर चाक उभ्या रेषेपासून किती कलले आहे ते कळेल. या कलाला कॅम्बर म्हणतात. चाकाचा माथा गाडीच्या बाहेरच्या बाजूला झुकला असेल तर कॅम्बर धन, आत झुकला असेल तर ऋण.

दुसरा कोन वरून पाहिल्यावर दिसतो. तुम्ही उभे राहा आणि आपल्या पावलांकडे पाहा. दोन्ही पावलांची बोटे एकमेकांकडे वळवा. चाके अशी आत वळलेली असतील तर त्याला टो-इन म्हणतात. आता बोटे बाहेर वळवा, हा झाला टो-आउट. 'टो' म्हणजे पायाचे बोट, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

कारखान्यातून गाडी निघते तेव्हा हे दोन्ही कोन फार लहान ठेवलेले असतात. 'व्हील अलाइनमेंट' म्हणजे हे व असे इतर कोन पुन्हा ठरल्या जागी आणून बसवणे.

करून पाहा

घरातला एक स्टीलचा पेला घ्या. तो तोंडाशी रुंद व बुडाशी अरुंद असावा. तो फरशीवर आडवा ठेवून हळूच ढकला. पेला सरळ जात नाही, अरुंद बाजूकडे वळून गोल फिरतो. कललेल्या चाकाचेही असेच होते. ज्या बाजूला ते कलते, त्या बाजूची कड जास्त दाबली जाते, तिथली त्रिज्या किंचित कमी होते आणि चाक शंकूच्या तुकड्यासारखे वागू लागते. म्हणून ते आपल्या कलाच्या दिशेने वळू पाहते. रुपयाचे नाणे उभे घरंगळत सोडले तर तेही ज्या बाजूला कलते तिकडेच वळते.

आता खोडरबर घ्या. तो कागदावर नुसता दाबून उचला. रबराचा कणही सुटत नाही. मग तसाच दाबून आडवा ओढा. लगेच चुरा पडतो. रबर नुसत्या दाबाने फारसे झिजत नाही, दाब असताना घसरले की झिजते. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे ते कामाला येणार आहे.

गाडी खाली बसली की कोन का बदलतात?

माझ्या विद्यार्थ्याने कोणताही कोन मुद्दाम बदलला नव्हता. त्याने फक्त उंची कमी केली होती. मग चाके का कलली?

बहुतेक छोट्या मोटारींच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन पद्धतीचे सस्पेन्शन असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४०च्या दशकात ते योजले. १९८३ साली भारतात आलेल्या मारुती ८०० मोटारीतही पुढे तेच होते. त्याची रचना अगदी साधी आहे. स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर मिळून एक उभा खांब असतो. त्याचे वरचे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. खालचे टोक एका आडव्या दांड्याला जोडलेले असते, त्याला लोअर आर्म म्हणतात. आर्मचे आतले टोक सांगाड्याला बिजागरीसारखे बसवलेले असते. चाक वरखाली होते तेव्हा आर्मचे बाहेरचे टोक वर्तुळाच्या कंसावर फिरते. सारे रहस्य या कंसात आहे.

हिशेबासाठी काही आकडे धरू. आर्मची लांबी ३० सें.मी. आहे आणि त्याचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा ८ सें.मी. खाली आहे. पायथागोरसच्या सिद्धान्ताने आर्मचा आडवा विस्तार ९०० वजा ६४ याचे वर्गमूळ, म्हणजे २८.९ सें.मी. येतो. आता गाडी ४ सें.मी. खाली बसवली. चाक रस्त्यावरच आहे, सांगाडा मात्र खाली आला. म्हणून बाहेरचे टोक आता आतल्या टोकापेक्षा केवळ ४ सें.मी. खाली राहिले. आडवा विस्तार ९०० वजा १६ याचे वर्गमूळ, म्हणजे २९.७ सें.मी. झाला.

आर्मचे टोक ८ मि.मी. बाहेर सरकले! खांबाचा माथा मात्र आपल्या जागी पक्का आहे. खांब ६० सें.मी. लांब धरला, तर एवढ्याने तो सुमारे पाऊण अंश कलतो. शिवाय तो आधीच थोडा आत कललेला असतो आणि आता आखूडही झालेला असतो, त्यामुळे कल आणखी वाढतो. म्हणजे चाकाचा माथा आत गेला, कॅम्बर ऋण झाला.

एवढ्यावर गोष्ट संपत नाही. चाक वळवणारा टाय-रॉड हाही एक आडवा दांडा आहे. तोही कंसावर फिरतो, पण त्याची लांबी आणि बिजागरी वेगळी, म्हणून त्याचा कंसही वेगळा. मूळ उंचीच्या आसपास हे दोन कंस एकमेकांशी जुळतील अशी काळजी कारखान्याने घेतलेली असते. उंची बदलली की ती जुळणी मोडते. टाय-रॉड चाकाला ज्या तरफेने वळवतो ती १२ सें.मी. लांब असेल, तर केवळ १ मि.मी. फरकाने चाक जवळजवळ अर्धा अंश वळते. आत वळेल की बाहेर, हे टाय-रॉड चाकाच्या आसापुढे आहे की मागे, यासारख्या गोष्टींवर अवलंबून असते.

खरा गुन्हेगार कोण?

आम्ही गाडी अलाइनमेंटच्या यंत्रावर चढवली. दोन्ही चाकांचा कॅम्बर उणे दीड अंश निघाला आणि प्रत्येक चाक सुमारे अर्धा अंश टो-आउट. "कॅम्बरनेच टायर खाल्ला," विद्यार्थी म्हणाला. तुम्हालाही तसेच वाटते ना? कारण कल डोळ्यांना दिसतो. पण घाई नको.

अर्धा अंश बाहेर वळलेले चाक घ्या. त्याला जायचे आहे किंचित बाहेर, गाडी त्याला नेते सरळ. म्हणून त्याला सतत आडवे ओढले जावे लागते. किती? अर्ध्या अंशाचा साइन ०.००८७ आहे. म्हणजे १ कि.मी. प्रवासात चाक ८.७ मीटर आडवे ओढले जाते. चार हजार किलोमीटरांत ते होतात जवळजवळ ३५ किलोमीटर! रस्त्याला टेकलेला रबराचा प्रत्येक भाग आधी थोडा ताणला जातो आणि रस्ता सोडताना मागच्या बाजूला सुटून घसरतो. फेरीमागून फेरी हेच चालते. खोडरबराचा प्रयोग आठवा.

मग कॅम्बरने काय केले? दीड अंश कललेल्या, १५ सें.मी. रुंदीच्या टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा सुमारे ४ मि.मी. जास्त दाबली जाऊ पाहते. म्हणजे भाराचा मोठा वाटा आतल्या कडेवर येतो. नुसता एवढा कॅम्बर असता तर टायर हळूहळू झिजला असता. पण टो टायरला घासत होता आणि कॅम्बर कुठे घासायचे ते ठरवत होता. दोघांनी मिळून तारा उघड्या पाडल्या.

आणि गाडी ओढत का नव्हती? डावे चाक डावीकडे जाऊ पाहत होते, उजवे उजवीकडे. दोन्ही ओढी सारख्या आणि उलट, म्हणून एकमेकींना खोडून काढत होत्या. चालकाच्या हाताला काहीच कळत नव्हते, किंमत रबर मोजत होते. तेव्हा गाडी सरळ चालते म्हणजे चाके सरळ आहेत, असे समजू नका.

दुरुस्तीचा क्रम

आधी टायरमधील हवा आणि सांध्यांतील ढिलेपणा तपासायचा, कारण ढिल्या सांध्यावर घेतलेले माप टिकत नाही. मग कॅम्बर, आणि टो सर्वांत शेवटी. असे का? कारण कॅम्बर बदलला की टो आपोआप बदलतो, टो बदलल्याने कॅम्बरला मात्र फारसा धक्का लागत नाही. टोसाठी टाय-रॉडच्या आट्यांवर तो कमीजास्त लांब करता येतो. कॅम्बर बदलण्याची सोय प्रत्येक गाडीत नसते. काही गाड्यांत खांब व चाक जोडणारा एक बोल्ट मध्याबाहेर जाडी असलेला असतो, तो फिरवला की चाक कलते.

शर्यतीच्या गाड्यांत ऋण कॅम्बर मुद्दाम ठेवतात. वळणावर गाडी बाहेर झुकते व तिच्याबरोबर बाहेरचे चाकही झुकते. आधीच आत कललेले चाक त्या क्षणी जवळजवळ सरळ उभे राहते आणि पकड चांगली मिळते. पण तिथे टायर लवकर बदलण्याची तयारी असते. आपल्या रस्त्यांवर कापलेली स्प्रिंग आणखीही त्रास देते. वेढे कमी झाल्याने ती ताठ होते, तिची हालचाल तोकडी पडते आणि चाक मोठ्या खड्ड्यात लोंबकळले तर ती आपल्या बैठकीतून सुटू शकते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही.

माझ्या विद्यार्थ्याने मूळ मापाच्या स्प्रिंगा परत बसवल्या, नवे टायर घेतले आणि टो ठीक करून घेतला. गाडी आता पूर्वीइतकी रुबाबदार दिसत नाही, अशी त्याची तक्रार आहे. त्याच्या आईची मात्र काही तक्रार नाही.

तुम्हीही तपासा

घरची किंवा शेजारची गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, बंद अवस्थेत उभी असेल तेव्हा मोठ्या माणसांना सांगून एवढे करा. स्टीअरिंग सरळ ठेवून दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा व चाकाशेजारी धरा. टायर तळाशी फुगलेला असतो, म्हणून माप लोखंडी रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून घ्या. रिमची उंची ३० सें.मी. असेल तर दोन मापांतला प्रत्येक ५ मि.मी. फरक म्हणजे सुमारे १ अंश कॅम्बर. मग टायरच्या पृष्ठावरून तळवा हळूच आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. तार उघडी असेल तर हात कापू शकतो, म्हणून आधी डोळ्यांनी पाहून घ्या. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने माशाच्या खवल्यांसारखे खरखरीत लागले, तर टो बिघडला आहे असे समजा. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. उरलेली खाच १.६ मि.मी. झाली की रबर त्यांच्या पातळीला येते आणि टायर बदलायची वेळ होते.

आणि हो, टायर पाहायचा तो आतल्या कडेपर्यंत. बाहेरची कड तर कोणालाही दिसते!